झोप मनाला विचारून येत नाही

दिवाळी उरकली की बीड जिल्ह्यातील कितीतरी गावे ओस पडू लागतात. शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, केज, धारूर, वडवणी या तालुक्यांतील वाड्या-तांड्यांवरून ट्रक आणि ट्रॅक्टर निघतात. त्यांत माणसांबरोबर सारा संसार असतो. भांडीकुंडी, ताडपत्री, बाजरीची पोती, शेळ्या, लहान मुले. पुढचे पाच-सहा महिने हे लोक पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात उसाच्या फडात असतात. राज्यातील ऊसतोड कामगारांत सर्वांत मोठा वाटा बीडचा आहे आणि त्यांची संख्या लाखांत मोजली जाते.

त्यांच्या मजुरीवर, उचलीवर, मुकादमाच्या हिशोबावर, मुलांच्या शाळेवर आणि बायकांच्या आजारांवर लिहून येते, सभागृहातही चर्चा होते. त्यांच्या झोपेबद्दल मात्र फारसे कुणी बोलत नाही. बोलायला हवे, कारण हंगामात सर्वांत आधी तीच तोडली जाते.

कारखाना हंगामात रात्रंदिवस चालतो. तोडलेला ऊस पडून राहिला की वाळतो, वजन घटते आणि साखरही कमी होते. म्हणून तोडणी, मोळ्या बांधणे, गाडी भरणे आणि काट्यावर नेणे हे सगळे गव्हाणीच्या भुकेप्रमाणे चालते. पहाटे अंधारात फडात उतरायचे, दिवसभर कोयता चालवायचा आणि वाहन रात्री आले तर रात्रीच भरून द्यायचे. घरच्या बाईला त्याही आधी उठून चूल पेटवावी लागते आणि सगळ्यांच्या नंतर ती आडवी होते. भरलेली गाडी नेणारा ड्रायव्हर कारखान्याच्या आवारात नंबर लागेपर्यंत ताटकळतो आणि रिकामी गाडी घेऊन लगेच पुढच्या खेपेला निघतो.

मग एखाद्या पहाटे अपघात होतो आणि ठरलेले वाक्य ऐकू येते : ‘चालकाचा डोळा लागला.’ त्या वाक्यात दोष चालकाचा असतो. त्याने जागे राहायला हवे होते, तो निष्काळजी होता, असे आपण म्हणतो. पण जागे राहणे हे खरोखर माणसाच्या हातात असते का? विज्ञानाचे उत्तर आहे : थोडा वेळ असते, नंतर नसते. असे का, हे समजून घ्यायचे तर मेंदूच्या एका छोट्याशा भागाची ओळख करून घ्यावी लागेल.

अंगठ्याएवढा देठ

फुलकोबीचा गड्डा उलटा केला की पांढरा दांडा दिसतो. मेंदूलाही तसाच देठ आहे. मोठा मेंदू वर, लहान मेंदू मागे, आणि या दोहोंना पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूशी जोडणारा हा देठ कवटीच्या तळाशी. लांबी साधारण तीन इंच, जाडी अंगठ्याएवढी. मराठी शास्त्रीय परिभाषेत त्याला मस्तिष्कस्तंभ म्हणतात, डॉक्टर ब्रेनस्टेम म्हणतात. त्याचे तीन भाग : वर मध्यमस्तिष्क, मध्ये सेतू आणि खाली लंबमज्जा.

एवढ्याशा जागेत कामे किती! श्वासाची लय इथून चालते. हृदयाचे ठोके आणि रक्तदाब इथून सांभाळला जातो. गिळणे, खोकणे, उलटी, डोळ्यांची हालचाल, चेहऱ्याचे स्नायू, तोल, सगळ्यांच्या दोऱ्या इथे बांधलेल्या. मोठ्या मेंदूकडून हातापायांकडे जाणारा प्रत्येक हुकूम आणि अंगाकडून वर जाणारी प्रत्येक संवेदना याच चिंचोळ्या वाटेने जाते. म्हणूनच मोठ्या मेंदूला झालेली जी इजा माणूस पचवतो, तेवढीच इजा इथे जिवावर बेतते.

पण आज आपल्याला या देठाच्या दोनच कामांकडे पाहायचे आहे : तो आपल्याला जागे कसा ठेवतो आणि चालते कसा ठेवतो.

जाग कुठून येते?

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अनेक शास्त्रज्ञांना वाटे, की डोळे, कान, त्वचा यांच्याकडून संवेदना येत राहतात म्हणून मेंदू जागा राहतो आणि त्या कमी झाल्या की आपोआप झोपतो. दिवा विझवला, आवाज थांबला, झोप आली. अनुभवाशी जुळणारे हे मत होते, पण अपुरे होते.

पहिला धक्का एका साथीने दिला. पहिल्या महायुद्धाच्या काळात युरोपात एक विचित्र मेंदूज्वर पसरला. काही रोगी दिवसच्या दिवस झोपून राहत. हाक मारली तर उठत, दोन शब्द बोलत, पुन्हा झोपत. काहींचे उलटे, त्यांना झोपच येत नसे. व्हिएन्नातील डॉक्टर कॉन्स्टांटिन फॉन इकोनोमो यांनी १९१७ मध्ये या रोगाचे वर्णन केले. दगावलेल्या रोग्यांचे मेंदू तपासताना त्यांच्या लक्षात आले, की सतत झोपणाऱ्यांमध्ये मध्यमस्तिष्काच्या वरच्या टोकाशी बिघाड आहे आणि झोप उडालेल्यांमध्ये त्याच्या थोडा पुढे, हायपोथॅलॅमस या भागात. म्हणजे झोपेला आणि जागेला मेंदूत आपापली ठिकाणे आहेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तो पुढे खरा ठरला.

दुसरा आणि निर्णायक पुरावा १९४९ मध्ये आला. इटलीचे ज्युसेप्पे मोरुझ्झी आणि अमेरिकेचे होरेस मॅगून यांनी गुंगीतल्या मांजरांच्या मेंदूच्या देठात, मधोमध पसरलेल्या चेतापेशींच्या जाळ्याला विजेचा हलका स्पर्श दिला. त्याबरोबर मोठ्या मेंदूच्या संथ, उंच लहरी मोडल्या आणि जाग्या मेंदूत दिसणाऱ्या जलद, बारीक लहरी सुरू झाल्या. मेंदूला जागे ठेवणारी स्वतंत्र यंत्रणा देठात आहे, हे या प्रयोगाने दाखवून दिले.

आज त्या जाळ्यातील कितीतरी गाठी नावानिशी माहीत आहेत. सेतूत निळसर रंगाचा एक इवलासा ठिपका आहे, लोकस सेरुलियस. त्यातील चेतापेशींची संख्या काही हजारांतच भरते, पण त्यांच्या शाखा जवळजवळ संपूर्ण मेंदूभर जातात आणि नॉरअॅड्रेनॅलिन हे रसायन शिंपडतात. माणूस जागा असताना या पेशी टिकटिकत असतात, झोप लागू लागली की मंदावतात आणि स्वप्ने पडत असताना जवळपास गप्प होतात. सेरोटोनिन आणि अॅसिटिलकोलिन सोडणाऱ्या पेशींचे गटही शेजारीच आहेत. मोठा मेंदू म्हणजे गावातली सगळी घरे धरली, तर हा देठ म्हणजे वीज उपकेंद्र. घरात दिवे, पंखे, टीव्ही सगळे चांगले असेल. पण उपकेंद्रातून वीज आली नाही तर काहीच चालत नाही.

या उपकेंद्राला बंद करणारा हातही आहे. हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागातील काही पेशी झोपेच्या वेळी जागृती देणाऱ्या पेशींना दाबून टाकतात. जागृतीच्या पेशी जोरात असल्या तर त्या उलट झोपेच्या पेशींना दाबतात. दोन्ही एकमेकींना रेटत असल्याने मधल्या अवस्थेत माणूस फार वेळ राहत नाही. विजेचे बटण जसे अर्धवट टिकत नाही, एका बाजूला पडतेच, तसेच इथे होते. झोप ‘हळूहळू येते’ असे आपल्याला वाटते. पेंग हळूहळू येते हे खरे, पण बटण पडते ते एका क्षणात. ड्रायव्हरचा घात होतो तो याच क्षणी.

जागा आहे, पण भानावर नाही

जागे असणे आणि भानावर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे महाराष्ट्राने एका दुःखद प्रकरणातून पाहिले आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच हल्ला झाला. गळा आवळला गेल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी निधन होईपर्यंत, ४१ वर्षांहून अधिक काळ, त्या त्याच रुग्णालयात होत्या आणि तिथल्या परिचारिकांनी त्यांची सेवा केली. त्यांचे डोळे उघडत, त्या झोपत आणि जाग्या होत, श्वास स्वतःचा स्वतः घेत. पण आजूबाजूच्या जगाशी त्यांचे नाते तुटले होते.

सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी त्यांच्या प्रकरणात निकाल देताना या फरकाची सविस्तर चर्चा केली. मोठ्या मेंदूची मोठी हानी झाली, तरी देठ काम करत असेल तर श्वास चालतो, झोप-जागेचे चक्र चालते. आणि देठच कायमचा थांबला तर? १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने त्याला मृत्यूच मानले आहे. अवयवदानाच्या वेळी आपण ज्याला ‘मेंदूमृत’ म्हणतो, तो कायद्याच्या भाषेत मस्तिष्कस्तंभाचा मृत्यू असतो. यंत्रावर छाती हलताना दिसते, हृदय धडधडत असते, म्हणून नातेवाइकांना ते पटणे कठीण जाते. पण देठ गेला की परतीची वाट नसते.

बैल चालत राहतो

आता चालण्याकडे वळू. पाऊल कसे टाकायचे याचा विचार आपण करत नाही. फडातून मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीवर चढणाऱ्या बाईला ‘आता उजवा पाय, आता डावा’ असे मनात म्हणावे लागत नाही. पायांच्या स्नायूंची आलटून-पालटून चालणारी लय मज्जारज्जूतच तयार होते. ती सुरू करणे, तिचा वेग वाढवणे आणि थांबवणे हे काम मेंदूच्या देठातून होते.

१९६६ मध्ये मॉस्कोतील शिक, सेवेरिन आणि ओर्लोव्स्की या शास्त्रज्ञांनी हे दाखवले. मोठ्या मेंदूचा देठाशी असलेला संबंध तोडलेल्या मांजराला त्यांनी फिरत्या पट्ट्यावर आधार देऊन उभे केले. मध्यमस्तिष्कातील एका ठराविक ठिकाणी हलका विद्युतप्रवाह दिला आणि मांजर चालू लागले. प्रवाह वाढवला तशी चाल दुडकी झाली, आणखी वाढवला तर ते चौखूर धावू लागले. विचार करणारा मेंदू हिशोबातच नव्हता, तरी चाल होती.

विशेष म्हणजे चालण्याची ही जागा आणि जागे ठेवणाऱ्या पेशी अगदी लागून आहेत, काही ठिकाणी एकमेकींत मिसळलेल्या आहेत. सेतू आणि मध्यमस्तिष्क यांच्या सीमेवरील एका गाठीचा सहभाग जागृतीतही आहे आणि चालण्यातही. कंपवाताच्या म्हणजे पार्किन्सनच्या आजारात या गाठीतील पेशीही मरतात. अशा रोग्याचे पाय दारात किंवा वळणावर जमिनीला चिकटल्यासारखे होतात आणि त्यालाच दिवसा पेंगही येते. घरच्यांना या दोन वेगळ्या तक्रारी वाटतात, पण मुळे एकाच परिसरात असतात. २००५ पासून काही ठिकाणी या गाठीत बारीक तार बसवून तिला विजेने चेतवण्याचे उपचारही करून पाहिले गेले. सर्वांनाच सारखा गुण आला नाही, तरी अभ्यास चालू आहे.

ही जवळीक निसर्गाच्या सोयीची आहे. ज्याला पळायचे आहे, त्याला जागे असावेच लागते. आणि जो उभा आहे, चालतो आहे, वाकून कोयता मारतो आहे, त्याच्या स्नायूंकडून, सांध्यांकडून, तळपायांकडून येणारे संदेश देठातील जाळ्याला सतत ढोसत राहतात. म्हणून दमलेला तोडणी कामगार काम करताना सहसा झोपत नाही, पण ट्रॉलीला टेकून बसला की मिनिटभरात घोरू लागतो. ड्रायव्हरचे दुर्दैव असे, की त्याचे काम बसून करायचे आहे. समोर अंधार, इंजिनाचा एकसुरी आवाज, पाय एकाच जागी. देठाला ढोसणारे कुणी नाही.

जुन्या बैलगाडीत याला एक उतारा होता. गाडीवान पेंगला तरी बैल जागे असत. बैलाला स्वतःचा देठ असतो. तो वाट ओळखतो, खड्डा टाळतो, समोर काही आले तर थबकतो. गाडीवानाची झोप बैल सांभाळून घेत. आजही काही कारखान्यांच्या परिसरात टायरच्या बैलगाड्या ऊस ओढतात. पण बरीचशी वाहतूक ट्रक आणि दोन-दोन ट्रॉल्या लावलेल्या ट्रॅक्टरवर गेली आहे. ट्रॅक्टरला खड्डा दिसत नाही. त्यावर एकच जीव जागा असतो, आणि तो पेंगला की मागची दोन्ही ट्रॉल्यांची वजने सरळ पुढे जातात.

‘आम्हाला सवय आहे’

झोपेबद्दल विचारले की हे उत्तर हमखास मिळते. शरीराला श्रमाची सवय होते, उन्हाची होते, थोड्याफार उपवासाचीही होते. अपुऱ्या झोपेची होते का?

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी २००३ मध्ये याचे उत्तर दिले. त्यांनी निरोगी माणसांना सलग १४ दिवस ठरलेले तासच झोपू दिले : कुणाला आठ, कुणाला सहा, कुणाला चार. रोज लक्ष टिकवण्याच्या चाचण्या घेतल्या. सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांची कामगिरी दिवसागणिक घसरत गेली आणि शेवटी एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसासारखी झाली. गंमत नव्हे, धोका असा, की पहिल्या काही दिवसांनंतर त्यांना स्वतःला आपण जास्त पेंगुळलो आहोत असे वाटेनासे झाले. ‘सवय’ झाली ती एवढीच : नुकसान चालू राहिले, त्याची जाणीव बंद झाली.

आणखी एक हिशोब. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी सलग जागरण आणि दारू यांच्या परिणामांची तुलना केली. १७ तास जागे असलेल्या माणसाचे हात-डोळ्यांचे काम रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतके बिघडलेले आढळले. आपल्या मोटार वाहन कायद्यात चालकासाठी मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. पहाटे चारला उठलेल्या ड्रायव्हरचे १७ तास रात्री नऊला भरतात. त्यानंतरची प्रत्येक खेप तो कायद्याने मद्यपी ठरेल अशा अवस्थेत करतो, तेही दारूच्या थेंबाला न शिवता. नाक्यावर फुंकायला लावणारे यंत्र आहे. झोप मोजणारे नाही.

जागे राहिल्यावर मेंदूत अॅडेनोसिन नावाचे रसायन साठत जाते. जाग जितकी लांब, साठा तितका मोठा, आणि तो जागृतीच्या पेशींना दाबू लागतो. चहातील कॅफिन अॅडेनोसिनची जागा अडवते, म्हणून तरतरी येते. पण साठा तसाच राहतो. कॅफिन उतरले की पेंग पुन्हा हजर. साठा रिकामा होतो तो फक्त झोपेने. त्यातच पहाटे दोन ते सहाच्या दरम्यान शरीराचे अंतर्गत घड्याळ जागृतीचा जोर सर्वांत कमी ठेवते. साठलेली झोप आणि पहाटेची वेळ एकत्र आली की इच्छाशक्ती कितीही असो, बटण पडते. कधी पूर्ण, कधी तीन-चार सेकंदांपुरते. डोळे उघडेही असू शकतात. ताशी २५ किलोमीटरने जाणारा ट्रॅक्टर तीन सेकंदांत २१ मीटर जातो, ताशी ६० ने जाणारा ट्रक ५० मीटर. एवढे अंतर चालकाशिवाय कापले जाते आणि नंतर त्याला ते आठवतही नाही.

छातीवर बसणारे भूत

देठाचे आणखी एक काम झोपेतच चालते. स्वप्ने पडतात तेव्हा मेंदू जोरात काम करत असतो, डोळे पापण्यांखाली भिरभिरतात. १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठातील अॅसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी ही अवस्था प्रथम नोंदवली. तेव्हा स्वप्नात पळणारा माणूस खरोखर पळू नये म्हणून सेतू आणि लंबमज्जेतील पेशी हातापायांचे स्नायू सैल करून ठेवतात. फ्रान्सचे मिशेल जुव्हे यांनी मांजरांच्या सेतूतील नेमका हा भाग बिघडवला, तर झोपलेली मांजरे उठून नसलेल्या उंदरावर झडप घालू लागली.

कधी याच्या उलट होते. जाग येते, पण स्नायूंवरचा पहारा उठायला काही क्षण उशीर होतो. माणूस जागा, डोळे उघडे, पण हात हलत नाही, आवाज फुटत नाही. छातीवर कुणी बसल्यासारखे वाटते, खोलीत कुणी उभे आहे असा भास होतो. आपल्याकडे त्याला भूत बसले, मुंजाने धरले म्हणतात. प्रत्यक्षात ती निद्रा-लकव्याची अवस्था असते. ती काही सेकंदांत किंवा मिनिटांत आपोआप सुटते आणि जिवाला धोका नसतो. अपुरी, तुटक झोप आणि झोपेच्या अनियमित वेळा असल्या की ती अधिक येते. उसाच्या फडाशेजारी कोपीत राहणाऱ्या, रात्री-अपरात्री उठवल्या जाणाऱ्या माणसांना हा अनुभव आला, तर त्यासाठी भगताकडे कोंबडे न्यायची गरज नाही. सलग झोप मिळाली तर तो कमी होतो.

मात्र पन्नाशी-साठीच्या पुढचा माणूस झोपेत ओरडू लागला, लाथा-बुक्क्या मारू लागला, शेजारी झोपलेल्याला इजा करू लागला, तर ते हसण्यावारी नेऊ नये. स्वप्नात स्नायू सैल करणारी देठातील यंत्रणा झिजत असल्याची ती खूण असू शकते. अशा अनेकांना पुढे काही वर्षांनी कंपवात किंवा त्याच्या जवळचा आजार होतो. मेंदूविकार तज्ज्ञाला एकदा दाखवून घ्यावे.

मग करायचे काय?

ड्रायव्हरसाठी पहिला उपाय सर्वांत साधा आहे. पेंग येऊ लागली की गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर घ्यावी, मागचे दिवे आणि परावर्तक पट्ट्या दिसत आहेत याची खात्री करावी आणि १५-२० मिनिटे झोपावे. एक कप चहा पिऊन लगेच झोपले तर आणखी बरे, कारण कॅफिनचा परिणाम व्हायला साधारण अर्धा तास लागतो आणि उठेपर्यंत तो सुरू झालेला असतो. तोंडावर पाणी मारणे, मोठ्याने गाणी लावणे, तंबाखू मळणे यांनी काही मिनिटे निभावतात, बटण थांबत नाही. खालील खुणा दिसल्या तर पुढचा किलोमीटरही जाऊ नये : मागचे वळण कधी गेले ते न आठवणे, मान डुलणे, गाडी कडेला जाऊन दचकणे.

दुसरा उपाय ड्रायव्हरच्या हातात नाही. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने चालकाच्या कामाला दिवसाचे आठ तास आणि आठवड्याचे ४८ तास अशी मर्यादा घातली आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती सांगितली. पण खेपेवर पैसे मिळणाऱ्या माणसाला विश्रांती म्हणजे बुडालेली खेप असते. कारखान्याच्या रांगेत तो तासन्तास उभा असतो, तरी झोपू शकत नाही, कारण रांग पुढे सरकली की गाडी पुढे घ्यावी लागते. नंबराची चिठ्ठी किंवा मोबाइलवर संदेश देऊन गाड्या ठरावीक जागी उभ्या करता आल्या आणि शेजारी अंथरुण टाकण्यापुरती निवाऱ्याची, शौचालयाची सोय केली, तर हाच वाया जाणारा वेळ झोपेचा होईल. लांबच्या वाहतुकीत दोन चालक देणे आणि मध्यरात्रीनंतरची भरणी शक्य तिथे टाळणे, हेही कारखाना आणि मुकादम मिळून ठरवू शकतात. तोडणीच्या टोळीला रात्रीच्या भरणीनंतर पहाटे फडात उतरवू नये, एवढा नियम केला तरी हजारो जोडप्यांना, विशेषतः बायकांना, चार-पाच तासांची सलग झोप मिळेल.

तिसरी गोष्ट प्रत्येक घराने लक्षात ठेवावी. देठाला रक्त पुरवणारी वाहिनी अचानक बंद झाली, तर लक्षणे नेहमीच्या लकव्यासारखी दिसतीलच असे नाही. एकाएकी सगळे गरगरणे आणि उभे राहता न येणे, एकाचे दोन दिसणे, जीभ जड होणे, गिळताना ठसका लागणे, चेहऱ्याची एक बाजू आणि अंगाची दुसरी बाजू बधिर होणे, आणि जागे न राहणारी गुंगी. ‘दमलाय, झोपू द्या’ म्हणून अशा माणसाला रात्रभर ठेवू नये. गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. महाराष्ट्रात आणि कर्नाटकातही १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवता येते. गावी असाल तर अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय जिल्ह्यातच आहे. हाकेला उठणारा माणूस दमलेला असतो. हाक मारून, हलवूनही जो नीट उठत नाही, बोलणे अडखळते, त्याला दवाखान्याची गरज असते.

टनाला किती दर मिळावा, यावर दर हंगामाआधी बोलणी होतात आणि ती व्हायलाच हवीत. त्याच बैठकीत एक मुद्दा आणखी मांडता येईल : तोडणाऱ्याला आणि वाहणाऱ्याला चोवीस तासांत सलग किती तास झोप मिळणार? मेंदूचा देठ उचल घेत नाही आणि उधारीही फार दिवस ठेवत नाही. वसुली तो रस्त्यावरच, कोणत्याही सेकंदाला करतो.